विमान पकडण्याआधी विमानतळावर बसून मासे खाताना : नाशिककर प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नाशिकहून परदेशी निघालेल्या बहुतेक कुटुंबांचा हवाई प्रवास मुंबईच्या विमानतळावरून सुरू होतो. ओझरहून काही देशांतर्गत उड्डाणे आहेत. परंतु तेथील टर्मिनल छोटे आहे आणि तेथे चहा-नाश्त्यापलीकडे फारशी अपेक्षा न ठेवता घरून जेवून निघणे हेच सोयीचे. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. नाशिकला समुद्राचा मासा बर्फात घालून, घाट चढून येतो. त्यामुळे समुद्राकाठच्या शहरातून विमान पकडायचे असेल, तर निघण्याआधी निवांत बसून सुरमई किंवा पापलेट खावे, असे मत्स्याहारी घरांत हमखास ठरते. हा बेत चांगला आहे, मात्र त्याला वेळेचे, पोटाचे आणि पैशांचे नियोजन लागते. माझ्या अनुभवात हा बेत फसतो तो जवळजवळ नेहमी वेळेच्या हिशेबात, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

वेळेचा हिशेब उलट दिशेने मांडावा

जेवणाची वेळ विमान सुटण्याच्या वेळेवरून ठरवू नये. ती गेट बंद होण्याच्या वेळेवरून ठरवावी आणि तेथून मागे मागे येत नाशिक सोडण्याच्या वेळेपर्यंत पोहोचावे. देशांतर्गत उड्डाणात गेट साधारणपणे सुटण्याच्या २५ मिनिटे आधी बंद होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात विमानात बसवण्याचे काम त्याहून बरेच आधी सुरू होते. बोर्डिंग पासवर जी वेळ छापलेली असते तीच आपली खरी वेळ समजावी.

समजा, रात्री ९:३० चे दुबईचे विमान आहे. तीन तास आधी पोहोचा, असे विमान कंपन्या सांगतात, म्हणजे ६:३०. सामान देणे, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी यांत गर्दीच्या दिवशी दीड तास सहज जातो. आठ वाजता आपण आत पोहोचतो आणि साडेआठला प्रवाशांना विमानात सोडायला सुरुवात होते. उरलेल्या अर्ध्या तासात मासे मागवणे, ते तळून येणे, काटे काढत शांतपणे खाणे आणि बिल देणे बसत नाही. ‘तीन तास आधी’ या सूचनेत जेवण धरलेले नसते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. बसून जेवायचे असेल तर टर्मिनलच्या दारात ५:३० ला असावे. तोपर्यंत सामानाचे काउंटर उघडते की नाही, हे विमान कंपनीकडून आधी विचारून घ्यावे. सव्वासहापर्यंत सामान देऊन व्हावे, सात-सव्वासातला टेबलावर बसावे आणि सव्वाआठला उठावे. टेबलावर पूर्ण एक तास आणि गेटपर्यंत चालायला पंधरा मिनिटे, एवढे हातात नसेल तर बसण्याचा मोह टाळून काउंटरवरून काही कोरडे घेऊन खावे. अर्धवट टाकून उठलेल्या माशाचे पैसे जातात, आणि घाईत गिळलेल्या माशात काट्याचा धोका असतो.

आता नाशिकच्या बाजूने पाहू. नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंतच्या रस्त्याला मी पाच तास धरतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाटातील खोळंबा टाळण्याची सोय झाली, हे खरे आहे; पण आमणे भिवंडीजवळ आहे आणि तेथून पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक आपल्या हातात नसते. त्यामुळे वरच्या उदाहरणात दुपारी १२:३० ला मुंबई नाका सोडलेला असावा. सकाळी साडेअकराला घरी वरण-भात किंवा पोळी-भाजी असे साधे जेवण घ्यावे, वाटेत फक्त चहा घ्यावा आणि रस्त्यात तर्रीदार मिसळ किंवा तळलेले वडे खाण्याचे टाळावे. तेलकट पोटावर संध्याकाळी पुन्हा तळलेला मासा पडला, की विमानात जळजळ ठरलेली.

आणखी एक गोष्ट तिकीट हातात येताच पाहावी. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना मुंबई विमानतळ आणि ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. दोन्हींचा रस्ता वेगळा आहे आणि आत काय खायला मिळेल तेही वेगळे आहे. मुंबईत टर्मिनल कोणते, हेही सोबतच पाहून ठेवावे.

तपासणीच्या आधी नव्हे, नंतर जेवावे

निरोप द्यायला आलेल्या मंडळींबरोबर बाहेरच जेवून घ्यावे, असे अनेकांना वाटते. भावना समजण्यासारखी आहे, तरी त्यात घड्याळाकडे पाहत जेवावे लागते, कारण तपासणीची रांग किती असेल हे कोणालाच ठाऊक नसते. सर्व तपासण्या उरकून, आपले गेट एकदा प्रत्यक्ष पाहून आणि तेथपर्यंत किती चालावे लागते याचा अंदाज घेऊन मग मागे येऊन जेवायला बसावे. बसण्याची जागा अशी निवडावी, की उड्डाणांचा फलक डोळ्यांसमोर राहील. मोठ्या विमानतळांवर प्रत्येक उड्डाणाची उद्घोषणा आता होत नाही. कोणी नाव पुकारील या भरवशावर राहणाऱ्याचे विमान सुटू शकते. विमान कंपनीच्या ॲपवरील सूचना चालू ठेवाव्यात आणि फोनमध्ये उठण्याच्या वेळेचा गजर लावावा.

कार्डावर लाउंज मिळत असेल तर तेथेच मासे का खाऊ नयेत, असा प्रश्न येईल. लाउंजमधील मासा बुफेच्या भांड्यात तासन् तास गरम ठेवलेला असण्याची शक्यता असते. मासा हा शिजताक्षणी खायचा पदार्थ आहे. म्हणून लाउंजमध्ये डाळ-भात, इडली, फळे घ्यावीत आणि मासे खायचेच असतील तर ते मागणीनुसार करून देणाऱ्या ठिकाणी खावेत.

बसण्याआधी विचारायचे प्रश्न

वेटरने पाणी ठेवण्यापूर्वीच त्याला सांगावे : “आम्हाला सव्वाआठला उठायचे आहे, वीस मिनिटांत काय येईल?” या एका प्रश्नावरून ते ठिकाण कसे आहे हे कळते. चांगले ठिकाण असेल तर वेटर स्वयंपाकघरात विचारून येतो आणि दोन-तीन पदार्थांची नावे घेतो. “सगळेच येईल” असे उत्तर मिळाले तर सावध व्हावे.

दुसरा प्रश्न, आज ताजे काय आहे. येथे पंचांगाबरोबरच मासेमारीचे कॅलेंडरही माहीत असावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धानंतर तिकडचा मासा येऊ शकतो. जून-जुलै या दोन महिन्यांत मुंबईत ‘आजचाच’ म्हणून दिला जाणारा मोठा पापलेट बहुधा गोठवलेला किंवा दुरून आलेला असतो. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो. पण त्याला ताज्याचा भाव देऊ नये आणि अशा दिवसांत कोळंबीसारखा गोठवणे सोसणारा पदार्थ मागवणे अधिक शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न भावाचा. शेवंड (लॉब्स्टर), खेकडा आणि मोठा पापलेट यांच्यासमोर मेनूकार्डावर अनेकदा किंमत नसते, तर ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असते. अशा वेळी वजन किती, भाव शंभर ग्रॅमला की नगाला आणि एकूण रक्कम किती होईल, हे मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. यात संकोच करण्यासारखे काहीच नाही. सोबत आई-बाबा किंवा सासरे असतील तर त्यांच्यादेखत भाव विचारायला मुले कचरतात आणि नंतर बिल पाहून सगळ्यांचाच विरस होतो.

काय मागवावे

माझी शिफारस ठाम आहे : सुरमईची तुकडी, रवा लावून तळलेली किंवा तव्यावर कमी तेलात भाजलेली, सोबत भात किंवा भाकरी आणि पातळ, बेताचा तिखट रस्सा. यामागे कारण आहे. सुरमईची आडवी कापलेली तुकडी घेतली की मध्ये एक गोल मणका दिसतो आणि काटे मुख्यतः त्याच्याभोवती असतात. बोटाने मणक्याजवळ हलकेच दाबले, की मांसाचे पांढरे पापुद्रे सुटे होतात. ते सहज सुटले तर मासा नीट शिजला आहे आणि ताजाही असण्याची शक्यता मोठी आहे. मांस पिठासारखे भुसभुशीत होत असेल, बोटाला चिकटत असेल किंवा रव्याच्या खरपूस वासाखालून उग्र, अमोनियासारखा वास येत असेल, तर घास न घेता तुकडी परत करावी. लिंबू आणि मसाला वास झाकतात, म्हणून लिंबू पिळण्याआधी एकदा वास घ्यावा.

पापलेटही सोपे, कारण मधला काटा अखंड निघतो. रावस उत्तम. बांगडा चवीला मला फार प्रिय असला, तरी त्याला वेळ आणि लक्ष लागते, म्हणून तो घरी खावा. बोंबील कुरकुरीत असेपर्यंतच खाण्यात मजा आहे. ते आल्याबरोबर संपवावेत. कोळंबी शिजून सैलसर वळलेली असावी. घट्ट गोल होऊन रबरासारखी लागली तर ती जास्त शिजलेली आहे, आणि पाठीवरचा काळा दोरा काढलेला नसेल तर स्वयंपाकघरात निष्काळजीपणा आहे असे समजावे. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, वाटीत ज्यांची शिंपली उघडलेलीच नाहीत त्या बाजूला ठेवाव्यात. खेकडा मात्र विमानतळावर मागवू नये. त्याला दोन्ही हात आणि किमान पाऊण तास लागतो आणि शर्टावर डाग पडल्याशिवाय तो संपत नाही.

सोलकढी थंडगार असेल तरच घ्यावी. नारळाचे दूध उबेत लवकर बिघडते, त्यामुळे कोमट सोलकढी परत करावी. मद्य टाळणे उत्तम. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, खारट मासा आणि मद्य यांनी तहान आणखी वाढते. जेवताना आणि नंतर साधे पाणी पुरेसे प्यावे.

प्रमाणाविषयी थोडे. उंचावर विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितका असतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच आहे. केबिनमध्ये आपण त्याहूनही वर बसलेले असतो. दाब कमी झाला की पोटातील वायू फुगतो, आणि म्हणून जमिनीवर सोसलेले भरपेट जेवण आकाशात जड होते. दोघांत एक तळलेला मासा, एक रस्सा आणि बेताचा भात पुरे. फसफसणारी शीतपेये, कच्चा कांदा आणि दाट नारळाच्या वाटणाचे दोन-दोन पदार्थ एकाच वेळी घेऊ नयेत.

ज्यांनी विशेष जपावे

कोळंबी, खेकडा, शिंपले यांची ॲलर्जी गंभीर असू शकते आणि तिची लक्षणे काही मिनिटांपासून एक-दोन तासांत दिसतात. म्हणजे नेमके विमान आकाशात असताना. म्हणून एक नियम कटाक्षाने पाळावा : जो जलचर पदार्थ आयुष्यात कधी खाल्लेला नाही, तो उड्डाणाआधी पहिल्यांदा खाऊ नये. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या भागात शेवंड, कालवे (ऑयस्टर), माकूल (स्क्विड) न खाल्लेली माणसे पुष्कळ असतात, आणि “एवढे पैसे देतोच आहोत तर चाखून पाहू” असा आग्रह होतो. मुलांना तर तो मुळीच करू नये. ॲलर्जी माहीत असेल तर वेटरला नुसते “कोळंबी नको” असे न सांगता “मला ॲलर्जी आहे, त्याच तेलात तळलेलेही चालणार नाही” असे पूर्ण सांगावे. डॉक्टरांनी दिलेले औषध हातातील पिशवीत ठेवावे, सामानात देऊ नये.

बांगडा, सुरमई, कुपा (टूना) अशा माशांच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो. मासा पकडल्यानंतर पुरेसा थंड ठेवला नाही, तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि नंतर कितीही शिजवले तरी ते नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंग खाजणे, डोके दुखणे, धडधडणे अशी लक्षणे दिसतात. पहिल्याच घासाला जीभ मिरपुडीसारखी चुरचुरली आणि पदार्थात मिरी नसेल, तर तो मासा बाजूला सारावा.

गरोदर स्त्रियांनी कच्चे किंवा अर्धे शिजलेले मासे आणि मुशीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांनी कोळंबी-शिंपल्यांचा मोह आवरावा. वयस्कर मंडळींना काटे दिसत नाहीत; त्यांच्या ताटातील तुकडी सोलून, काटे काढून द्यावी. काटा घशात अडकलाच तर सुक्या भाताचा गोळा गिळण्याचा जुना उपाय करू नये, त्याने काटा अधिक खोल रुततो. विमानतळावरील वैद्यकीय कक्षात जावे आणि तेथे तपासून घेतल्याशिवाय विमानात बसू नये.

सोबत शाकाहारी माणसे असतील, किंवा गुरुवार, संकष्टी, श्रावण पाळणारे असतील, तर आधी त्यांच्या सोयीचा विचार करावा. मासे आणि पापड एकाच कढईत तळले जात असतील तर ते त्यांना चालणार नाही. असे वेगळे तेल नसलेल्या ठिकाणी त्यांच्यासाठी दुसरीकडून जेवण आणून एकाच टेबलावर बसता येईल का, हे नम्रपणे विचारावे. अन्यथा दोन गट करून आलटून पालटून जेवावे आणि एका गटाने सामान सांभाळावे.

बिल, हात आणि उरलेले अन्न

मासे टेबलावर आले की लगेच बिल मागवून पैसे देऊन टाकावेत; शेवटच्या दहा मिनिटांत कार्डाचे यंत्र अडले तर जीव टांगणीला लागतो. बिलात जीएसटी असतो तो कर आहे. ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही आणि देण्याची सक्ती करता येत नाही. तो काढून देण्यास सांगावे. वाद वाढत असेल तर बिलाचा फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नंतर तक्रार करावी, त्यासाठी विमान चुकवू नये. सेवा चांगली मिळाली असेल तर वेटरच्या हातात स्वखुशीने काही द्यावे.

हात धुताना घाई करू नये. फिंगर बोलमधील लिंबाने हळदीचा तेलकटपणा जातो, वास जात नाही. साबणाने नखांपर्यंत हात धुवावेत, चूळ भरावी, शक्य असल्यास दात घासावेत. पुढचे कित्येक तास आपल्या शेजारी कोणी परके माणूस हातभर अंतरावर बसणार असते. याच कारणाने उरलेला मासा बांधून विमानात नेऊ नये. घरून रश्श्याचा डबा नेण्याचाही विचार सोडावा, कारण आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातील पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत काढून घेतात. रस्सा आणि सोलकढी त्यातच मोडतात.

परदेशातील विमानतळावर थांबा असेल तर

मुला-मुलींकडे अमेरिकेला जाणाऱ्या नाशिककर आई-बाबांना वाटेत किंवा परतताना तेथील मत्स्यभोजनगृहे दिसतात. बोस्टनच्या लोगन विमानतळावर ‘लीगल सी फूड्स’ या त्या भागातील जुन्या साखळीचे उपाहारगृह प्रसिद्ध आहे. तेथील भागात ‘क्लॅम चावडर’ हे शिंपल्यांचे दाट, दुधाळ सूप प्रिय असते. अनेक ठिकाणी त्यात डुकराचे मांस घातलेले असते, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नये. कच्ची कालवे तेथे मोठ्या आवडीने खातात, पण लांबच्या उड्डाणाआधी ती टाळावीत. त्यांतून होणारी उलट्या-जुलाबांची बाधा विमानातील छोट्या शौचालयांच्या भरवशावर सोसणे फार हालाचे असते. भाजलेला कॉड किंवा हॅडक हे सहसा काटे काढून वाढलेले, सौम्य चवीचे मासे आपल्याकडच्या वयस्करांना मानवतात, मात्र तिखटाची सवय असेल तर ते अळणी वाटतील. ताट मोठे असते, दोघांत एक पुरते. अमेरिकेत पंधरा ते वीस टक्के टिप देण्याची रीत आहे आणि ती जेवणाच्या खर्चात आधीच धरावी. कार्डाचे यंत्र रुपयांत पैसे घेऊ का असे विचारील, तेव्हा स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा पर्याय बहुधा महाग पडतो.

विमानात बसल्यानंतर खाज, ओठांवर सूज, श्वास घेताना अडथळा, सतत उलट्या किंवा छातीत धडधड जाणवली, तर संकोच न करता ताबडतोब केबिन कर्मचाऱ्यांना बोलवावे आणि काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे नावानिशी सांगावे. विमान अजून जमिनीवर असेल तर “निघालोच आहोत” म्हणून गप्प बसू नये, कारण दार बंद होण्याआधी डॉक्टर मिळणे सोपे असते. काय खाल्ले हे नेमके सांगता यावे म्हणून जेवणाचे बिल खिशातच ठेवावे. त्यावर पदार्थाचे नाव आणि वेळ दोन्ही छापलेले असते.